जमिनीवरून बाकाकडे : कळवण परिसरातील सुतारकाम आणि ते शिकण्याची रीत

सुतारकामाचे बाक, म्हणजे ज्याच्या जाड, जड आणि सपाट पृष्ठावर लाकूड पक्के धरून ते रंधता, कापता आणि कोरता येते असे कंबरेच्या जरा खाली येणारे मेज, ही महाराष्ट्रातील खेड्यातल्या सुताराची पिढीजात वस्तू नव्हे. नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागात, गिरणेच्या वरच्या खोऱ्यात वसलेल्या कळवण तालुक्यातही नांगर, पाभर, बैलगाडी, घराचे खांब आणि तुळया, पाट, पाळणे आणि देव्हारे पिढ्यान्‌पिढ्या घडले ते जमिनीवर बसून, हातांनी तासून आणि पायांनी धरून. बाक आले ते गोदी, रेल्वेचे कारखाने, मिशनच्या उद्योगशाळा आणि पुढे सरकारी तांत्रिक शिक्षण या वाटांनी, आणि गावापर्यंत पोचायला त्याला बराच काळ लागला. म्हणूनच विजेच्या यंत्राशिवाय, स्वतःच्या हाताने एक बाक बांधून सुतारकाम शिकायला सुरुवात करावी, ही आज अनेक ठिकाणी मान्य झालेली रीत वरवर पाहता परकी वाटते. परंतु ज्याच्याजवळ बाक नाही त्याला पहिले बाक जमिनीवरच बांधावे लागते, ही साधी अडचण लक्षात घेतली की चित्र पालटते; असे बाक बांधणाऱ्या शिकाऊ माणसाच्या हाताखालून या धंद्याचा बराचसा इतिहास जातो.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ आणि जास्त पावसाच्या पट्ट्याला डांग, तर पूर्वेकडील मोकळ्या, काळ्या जमिनीच्या भागाला देश म्हणण्याची जुनी पद्धत आहे, आणि कळवण तालुका या दोहोंच्या सांध्यावर आहे. पश्चिमेला कनाशी आणि अभोण्याकडून सुरगाण्याच्या दिशेने चढत जाणारा वनपट्टा, दक्षिणेला सप्तशृंगगडाची रांग, आणि सुरगाणा तालुक्यातील केमच्या डोंगरातून निघून चणकापूरमार्गे पूर्वेकडे वाहणारी गिरणा, अशी ही भूमी आहे. डांगाकडून लाकूड आणि देशाकडून शेतीच्या औतांची मागणी, या दोन गोष्टी येथे एकमेकींना भेटत असत, आणि सुताराचा धंदा त्या भेटीवर उभा होता.

लाकूड म्हटले की साग आठवतो, पण खेड्यातील सुतार सगळ्या कामाला साग वापरत नसे, आणि यातच त्याचे खरे ज्ञान होते. गाडीच्या चाकाचा तुंबा, म्हणजे ज्यात आरे बसतात तो मधला गोल ठोकळा, आणि नांगराचे खोड यांसाठी बाभूळ लागे, कारण ती चिवट असते आणि धक्क्याने उभी फाटत नाही. आसासाठी आणि कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी धावडा घेत, तर गाडीच्या दांड्या आणि औतांचे लांब भाग यांना तिवस चांगला समजला जाई. साग राखून ठेवला जाई तो घराच्या सांगाड्यासाठी. त्यातील तेलकट द्रव्यामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि वाळताना तो फार आकसत नाही, म्हणून एकदा बसवलेला सांधा वर्षानुवर्षे ढिला होत नाही. मात्र त्याच लाकडात वाळूसारखे बारीक खनिज कण असल्याने रंध्याची धार तो लवकर मारतो. कोणत्या झाडाचा कोणता भाग कशाला घ्यावा हे लिहून ठेवलेले नव्हते, ते बापाच्या हाताखाली वावरताना मुलाच्या अंगी उतरत असे.

गावगाड्यात, म्हणजे शेती आणि तिला लागणारे कारागीर यांनी बांधलेल्या जुन्या ग्रामव्यवस्थेत, सुतार हा पहिल्या ओळीचा बलुतेदार होता. बलुते म्हणजे वर्षभराच्या कामाच्या बदल्यात खळ्यावर मिळणारा धान्याचा ठरलेला वाटा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे जे बारकाईने वर्णन केले, त्यातून तिचा आधार आणि तिची कोंडी या दोन्ही बाजू दिसतात. नांगर, कुळव, पाभर आणि जू नीट ठेवणे हे बलुत्यात येई. नवे घर, नवी गाडी किंवा पाळणा यांची मजुरी वेगळी ठरे. काम मोसमाला बांधलेले असे. मृगाच्या आधी सगळ्यांची औते एकाच वेळी दारात येत, आणि त्या दिवसांत सुताराच्या अंगणात ढलप्यांचा ढीग लागे.

सुतार हा शब्द संस्कृतातील सूत्रधार किंवा सूत्रकार या शब्दांवरून आला आहे, म्हणजे ज्याच्या हाती सूत आहे तो. हे सूत शब्दशः खरे आहे. गेरूत किंवा काजळीत भिजवलेला दोरा ओंडक्याच्या दोन टोकांना ताणून, मध्ये चिमटीत उचलून सोडला की लाकडावर सरळ रेघ उमटते, आणि त्या रेघेच्या आधाराने वाकडातिकडा ओंडका चौरस करता येतो. माप मोजताना सुतार गज आणि तसू वापरीत. २४ तसूंचा एक गज होई. पुढे फूट आणि इंच आले, १९५६ च्या वजनमापे कायद्यानंतर मीटर आले, तरीही इंचाच्या आठव्या भागाला सुतारांच्या तोंडी आजही सूत हाच शब्द आहे. हत्यारे मोजकीच असत: ओबडधोबड तासण्यासाठी वाकस, चिरण्यासाठी करवत, सपाट करण्यासाठी रंधा, खोल भोके पाडण्यासाठी किकरे, बाजू साफ करण्यासाठी पटाशी, छिद्रासाठी दोरीच्या कमानीने फिरवायचा सामता, आणि काटकोन पाहण्यासाठी गुण्या. यांतील पोलादी पाती लोहाराकडून येत, पण रंध्याचे घर, वाकसाचा दांडा, किकऱ्याची मूठ आणि ठोकायचा लाकडी हातोडा सुतार स्वतःच करी. धंद्याची सुरुवात धंद्याच्या साधनापासून करायची, ही कल्पना म्हणजे बाहेरून आलेली गोष्ट नव्हे, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या मोजक्या हत्यारांत जे दिसत नाही ते म्हणजे लाकूड धरण्याचे साधन, कारण ते काम शरीर करीत होते. फळी रंधायची तर तिचे एक टोक भिंतीला, झाडाच्या बुंध्याला किंवा जमिनीत ठोकलेल्या खुंटीला टेकवले जाई, दुसऱ्या टोकाशी सुतार उकिडवा बसे, आणि पुढे सरकणाऱ्या रंध्याचा जोर ती खुंटी घेई. भोक पाडायचे तर लाकूड जमिनीवर आडवे ठेवून त्यावर एक मांडी किंवा पाय दाबला जाई. लहान तुकड्यावर बारीक काम करताना तो दोन्ही तळपायांच्या मध्ये धरला जाई, अंगठा एका बाजूने आणि टाच दुसऱ्या बाजूने त्याला आवळी, आणि काम फिरवायचे झाले की हत्यार खाली न ठेवता पायांनीच तो तुकडा वळवला जाई. वाकसाचा घाव पायाच्या बोटांपासून चार बोटे अंतरावर पडत असे. ही नेमकी पकड शिकायला वर्षे लागत, आणि ती एकदा साधली की बाकाची उणीव सुताराला भासत नसे.

एकोणिसाव्या शतकातील कित्येक युरोपीय निरीक्षकांनी या बसून काम करण्याला आळस किंवा मागासलेपणा मानले, आणि तो समज चुकीचा होता. सुताराला शेतकऱ्याच्या अंगणात, खळ्यावर, बांधकामाच्या जागी किंवा रस्त्यात मोडलेल्या गाडीपाशी जाऊन काम करावे लागे; मण दोन मण वजनाचे बाक अशा कारागिराच्या काय उपयोगाचे? शिवाय जमिनीवर बसून काम करणे हे काही एकट्या भारताचे वैशिष्ट्य नव्हते. जपानी सुतार आजही जमिनीलगतच्या तिरक्या तुळईवर रंधतात आणि रंधा आपल्याकडे ओढतात. रोमन साम्राज्यातील बाकेही बुटकी होती. जर्मनीतील साल्बुर्ग येथील रोमन किल्ल्यात सापडलेले बाक गुडघ्याच्या उंचीचे आहे, आणि त्यावर बसून किंवा गुडघा टेकून काम केले जाई. कंबरेइतके उंच, जड आणि लाकूड आवळून धरणारे बाक युरोपात नंतर रुळले, आणि १७६९ ते १७७४ या काळात फ्रान्समध्ये आंद्रे-जाकोब रुबो यांनी सुतारकामावर जो मोठा सचित्र ग्रंथ काढला त्यात त्याचे तपशीलवार वर्णन आले. आज हाताने बाक बांधणारे जगभरातील बहुतेक लोक कळत नकळत रुबोच्याच आकृतीकडे पाहत असतात.

कळवणच्या सुताराच्या धंद्याला पहिला मोठा धक्का बाकाने दिला नाही, तो दिला जंगलाच्या मालकीने. झाडांवर सत्तेचे लक्ष त्यापूर्वीही होते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी सागवान परवानगीने तोडावे, आणि आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असल्याने त्यांना हात लावू नये, असा विचार स्पष्ट मांडलेला आहे. इंग्रजी राज्याची भूक मात्र वेगळ्या मापाची होती. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागाच्या युद्धनौका बांधल्या जात, आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे उभी आहे. मलबारचे लाकूड अपुरे पडू लागले तेव्हा सरकारची नजर कळवणच्या पश्चिमेकडील डांगांकडे वळली, आणि १८४२ च्या सुमारास तेथील भिल्ल राजांकडून जंगलांचे पट्टे घेतले गेले. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली, १८६४ मध्ये सबंध हिंदुस्थानसाठी वनखाते उभे राहिले, आणि १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलांची पक्की चौकट तयार झाली. रेल्वेच्या रुळांखाली घालायच्या लाकडी पाट्यांची मागणी या सगळ्यामागे होती.

याचा परिणाम सुतारापेक्षाही डांग भागातील कोकणा, भिल्ल आणि महादेव कोळी कुटुंबांवर जास्त झाला. ही कुटुंबे बहुतेक लाकूडकाम स्वतःच करीत. कुऱ्हाड आणि कोयता एवढ्या साधनांवर घराचे खांब, नांगर आणि उखळ तयार होत असे. त्यांच्याकडे कोरीव कामाचीही स्वतंत्र परंपरा आहे. वाघदेवाच्या लाकडी खांबांवर वाघ, नाग, सूर्य आणि चंद्र कोरले जातात, आणि सुरगाणा, पेठ, मोखाडा या पट्ट्यातील बोहाड्यात देवदेवतांचे लाकडी मुखवटे चढवून नाच होतो. हे कोरणारे हात सुतार जातीचे नव्हते, म्हणून सुतारकामाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख सहसा येत नाही, आणि ही उणीव भरून काढणे अगत्याचे आहे. ज्या झाडापासून खांब होई ते झाडच राखीव झाल्यावर या परंपरेला चोरटेपणाचा डाग लागला, आणि तो पुसण्याची सुरुवात व्हायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला.

याच काळात जिल्ह्यात सुतारकाम शिकवण्याची एक अगदी वेगळी जागा निर्माण झाली होती. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकलगत शरणपूर ही वसाहत वसवली, आणि विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या देखरेखीखाली तेथे मुलांना अक्षरओळखीबरोबर सुतारकाम आणि लोहारकाम शिकवले जाऊ लागले. या मुलांत अरबी समुद्रातील गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलेही होती. १८६६ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन यांनी आपल्या शेवटच्या आफ्रिका प्रवासाला यांतील नऊ जण बरोबर नेले, आणि पुढे आणखी काही जण त्यांना जाऊन मिळाले. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारले तेव्हा त्यांचे काळीज ज्या झाडाखाली पुरले, त्या झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली ती नाशिकला शिकलेल्या जेकब वेनराइट यांनी. नाशिकच्या शाळेत शिकलेल्या हाताने मध्य आफ्रिकेतील जिवंत झाडावर अक्षरे कोरावीत, ही या जिल्ह्याच्या इतिहासातील एक विलक्षण घटना आहे, आणि ती जिल्ह्यातच फारशी आठवली जात नाही, याचे वाईट वाटते.

शरणपूरसारख्या उद्योगशाळांनी आणि नंतरच्या तांत्रिक संस्थांनी एक गोष्ट मुळातून बदलली: सुतारकाम जन्माने न मिळता प्रवेश घेऊन मिळू लागले. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, बडोद्यात १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू झाले. एका वर्गात वीस मुलांना एकाच वेळी शिकवायचे, तर प्रत्येकाने पायाने लाकूड धरण्याची कला आधी आत्मसात करावी, एवढा वेळ कोणत्याही शाळेजवळ नसतो. बाक आणि त्याला जोडलेला शेगडा, म्हणजे मळसूत्राने दोन जबडे जवळ आणून लाकूड घट्ट पकडणारे साधन, यांनी ती अडचण सोडवली. जी पकड सुताराच्या मुलाला दहा वर्षांच्या वावराने येई ती नव्या मुलाला मळसूत्राच्या दोन फेऱ्यांत मिळू लागली. बाकामुळे सुतारकाम जातीच्या कुंपणाबाहेर येऊ शकले, हे त्याचे खरे ऐतिहासिक महत्त्व आहे, आणि तुलनेने त्याची रचना ही दुय्यम बाब ठरते.

शिक्षणाच्या विचारातही याच सुमारास लाकूडकामाला जागा मिळत होती. फिनलंडमध्ये उनो सिग्नेयस यांच्या प्रयत्नाने १८६६ मध्ये हस्तव्यवसाय शाळेचा भाग झाला, आणि स्वीडनमध्ये ओटो सॉलोमन यांनी त्याला पद्धतशीर रूप दिले. तेथील उद्देश सुतार तयार करण्याचा नव्हता, डोळा, हात आणि विचार एकत्र चालवणारा माणूस तयार करण्याचा होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी जी नयी तालीम मांडली तिची दिशा याहून अधिक मूलगामी होती, कारण तिच्यात हस्तोद्योग हा इतर विषयांच्या जोडीचा आणखी एक विषय नव्हता, तर सगळे विषय ज्यातून शिकायचे ते माध्यम होता. झाकीर हुसेन समितीने सुचवलेल्या उद्योगांत सूतकताई आणि शेतीबरोबर सुतारकामही होते. मराठी शाळांत याला मूलोद्योग म्हणत. मुंबई राज्यातील मूलोद्योगी शाळांत चरखा आणि टकळी अधिक पसरली, कारण बाके, हत्यारे आणि लाकूड यांचा खर्च गावच्या शाळेला झेपणारा नव्हता. पुढे १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगानंतर आलेल्या कार्यानुभव या विषयात तर हातकाम पुठ्ठ्याच्या आणि कागदाच्या वस्तूंपर्यंत आक्रसले. पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी ग्रामीण मुलांना प्रत्यक्ष वस्तू करून शिकवण्याचा जो प्रयोग केला, तो याच तुटलेल्या धाग्याला पुन्हा गाठ मारणारा होता.

धंदा शिकवण्याची सरकारी वाट वेगळी गेली. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, तिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्था म्हणजे आयटीआय उभ्या राहिल्या, आणि तालुक्याच्या गावी पोचत त्या कळवणलाही आल्या. पण आयटीआयने शिकवलेला हात गावात परतला तेव्हा गावातले काम बदललेले होते. किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर १९०३ मध्येच निघाला होता. पुढे रबरी टायरची गाडी, मग ट्रॅक्टर, आणि गिरणाखोऱ्यातील कांद्याच्या चाळींसाठी लोखंडी सांगाडे आले, तसतसा औतांचा सुतार मागे पडला. जो टिकला तो दारे, खिडक्या, पलंग आणि प्लायवूडची कपाटे यांकडे वळला, आणि त्याचे बाक म्हणजे विजेचा रंधा चालवण्यापुरती दोन घोड्यांवर टाकलेली फळी झाले. १७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारासह १८ पारंपरिक व्यवसायांना प्रशिक्षण आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे.

या पार्श्वभूमीवर हाताने बाक बांधण्याचा प्रकल्प पाहिला पाहिजे. कळवणसारख्या गावात त्यासाठी सर्वांत चांगले लाकूड मिळते ते पाडलेल्या जुन्या घरांतून. कडीपाट, म्हणजे आडव्या कड्यांवर फळ्या जडवून केलेली माळवदाखालची छत, उतरवली की शंभर वर्षे वाळलेल्या सागाच्या कड्या हाती येतात, आणि ताजे लाकूड सुकवण्यासाठी जाडीच्या दर इंचाला साधारण वर्षभर थांबण्याचा जो जुना ठोकताळा आहे, त्यातून सुटका होते. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन इंच जाड असे सागाचे पृष्ठ केले तर एकट्या त्याचेच वजन ५५ किलोच्या आसपास भरते, आणि रंध्याच्या रेट्याला न हलणारे बाक हवे असेल तर हे वजन लागतेच.

पहिला दिवस वाकसाचा आणि जमिनीचा असतो. कडी दोन ठोकळ्यांवर ठेवून, सूत मारून, जुने खिळे एकेक करून काढून ती तासावी लागते, आणि शेगडा नसल्यामुळे शिकाऊ माणूस आपोआप लाकडावर पाय देऊन बसतो. फळीत पीळ आहे का, हे पाहण्यासाठी तिच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका डोळ्याने त्यांच्या कडा जुळतात का ते पाहिले जाते. अर्ध्या सुताचा फरकही तेथे उघडा पडतो. मग पायांचे सांधे येतात. पायाच्या टोकाला जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचे कुसू, म्हणजे भोकात शिरणारी जीभ, कापायचे आणि पृष्ठात त्याच मापाचे भोक किकऱ्याने पाडायचे. भोक एकाच बाजूने आरपार नेले तर दुसरीकडे लाकूड फुटते, म्हणून ते अर्धे वरून आणि अर्धे खालून पाडतात, आणि दोन्ही अर्धी मध्ये कुठे भेटली यावरून मापाचा खरेपणा ठरतो. कुसवाला आणि भोकाच्या बाजूला आडवी छिद्रे पाडून त्यांत खुंटी ठोकताना दोन्ही छिद्रे केसभर पुढेमागे ठेवली, तर खुंटी शिरताना सांधा स्वतःच आवळला जातो. गाडी आणि घर बांधणाऱ्या जुन्या सुतारांना ही युक्ती चांगली ठाऊक होती.

उंची ठरवताना शिकाऊ माणूस सरळ उभा राहतो, हात सैल सोडतो, आणि मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंतच्या पट्ट्यात कुठेतरी पृष्ठ येईल असे पाय कापतो. म्हणजे हे माप गजात किंवा मीटरमध्ये नसते, ते त्याच्या अंगात असते. पाय बसून बाक उभे राहिले की त्याच बाकावर, त्यालाच टेकून, त्याचे पृष्ठ शेवटचे रंधले जाते. आश्विन शुद्ध नवमीला, खंडेनवमीच्या दिवशी, हत्यारांवर हळदकुंकू पडते तेव्हा ती आता जमिनीवरच्या फडक्याऐवजी या पृष्ठावर मांडलेली असतात. बाकाची खालची बाजू मात्र बहुतेक जण पाय बसतात तेवढी जागा सोडून रंधत नाहीत, आणि तेथे जुन्या घराचा काजळलेला रंग, खिळ्यांची काळी भोके आणि पहिल्या दिवशी जमिनीवर बसून मारलेले वाकसाचे घाव तसेच राहतात.